तांदूळ सरले

सावलीपासून वैनगंगेच्या काठापर्यंत कोणत्याही गावात जा आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईला विचारा. ती तुम्हाला तो सीन सांगेल. नाटकातली आई रिकामी हंडी पुसत रडत असते आणि बायकांच्या गर्दीतून एक पोरगी उठून ओरडते, "माय, घरी तांदूळ सरले!" सांगता सांगता बायका अजूनही डोळ्याला पदर लावतात. सावलीच्या बाजारात मी मासोळ्या घेऊन बसले होते, तेव्हा शेजारच्या वांगेवालीने मलाच तो सीन रंगवून सांगितला. मी सगळा ऐकून घेतला आणि म्हटलं, "बाई, तो सीन नोहता. ती माह्या देराची पोरगी होती आणि तांदूळ खरंच सरले होते."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी फेकून राहिली. म्हणून हे लिहून ठेवते.

माझा नवरा थोरला, दीर धाकटा. सासऱ्याने मरायच्या आधी धानाच्या बांध्या दोघांना वाटून दिल्या, तलावातल्या मासोळीचा हिस्सा वाटून दिला आणि घराच्या मधोमध कुडाची भिंत घातली. नवरा तापाने गेला, मूलबाळ झालं नव्हतं. कुडाच्या या बाजूला मी एकटी राहिले, त्या बाजूला दीर, जाऊ आणि त्यांच्या दोन पोरी. पोरी मला मोठमाय म्हणत. बापाच्या थोरल्या भावाच्या बायकोला आमच्याकडे तेच म्हणतात, त्यात प्रेमबिम काही नाही.

दिराला पेटीचा नाद होता. नाद म्हणजे काय, दुसरं काहीच नव्हतं. आमच्या भागात दिवाळी झाली की मंडया सुरू होतात. धान कापून झालेलं असतं, लोकांच्या हाताला उसंत असते, एकेका गावाची मंडई एकेका दिवशी. लेकी-जावई येतात, जिलेबीची दुकानं लागतात आणि दिवस उगवेपर्यंत नाटक चालतं. होळीपर्यंत हेच. आधी गावचीच माणसं दंडार, म्हणजे गाण्या-सोंगांचा खेळ, करायची, पुरुषच लुगडं नेसून बाया व्हायचे. मग वडशाच्या नाटक कंपन्या आल्या, नागपूरहून नटी आणू लागल्या. दीर अशा एका कंपनीत पेटी वाजवायचा. एका वर्षी ऐन मंडईत नटी आलीच नाही. माझ्या जावेला सगळं नाटक पाठ होतं, कारण दीर घरी बसून सगळ्यांची भाषणं म्हणायचा. तिने तोंडाला रंग लावला आणि स्टेजवर चढली. ती खाली उतरलीच नाही.

गावाने तिला नाही नाही ते म्हटलं. विहिरीवर बाया म्हणायच्या, "तुही जाऊ रंग लावून परक्या माणसाच्या गळ्यात पडते, तुले लाज नाई वाटत?" मी म्हणायची, "ते नाटकात पडते. तुह्या घरी कोण कोणाच्या गळ्यात पडते ते सांगू का?" मग त्या घागरी उचलून चालू लागायच्या. माझी जाऊ वाईट चालीची नव्हती. तिच्यावर तो डाग लावणाऱ्यांशी मी भांडले आणि आजही भांडेन. तिचा दोष वेगळा होता. पोरींना खायला लागतं, हे तिच्या ध्यानातच राहायचं नाही.

दोघं नवरा-बायको मोठे हसरे. पोरींवर कधी हात उगारला नाही. घरात असले की गाणी, नकला, सगळी मजा. थोरली वाचायला शिकली ती नाटकाच्या वह्यांवर, आणि शाळेत कविता म्हणायला सांगितली की खलनायकाचं भाषण म्हणायची. पण डोक्यात उवा वळवळायच्या, अंगात नाटकातल्या राणीचं फाटकं झंपर, त्याला पिना लावलेल्या. एकदा दिराने घराचं दार काढून नेलं. कंपनीला महालाचं दार हवं होतं. त्याला सोनेरी रंग मारला आणि ते गावोगाव फिरू लागलं. घराच्या दाराला पोतं. मी विचारलं, "बाबू, कुत्रं आत शिरते, पोट्ट्या थंडीत कुडकुडतात, दार कुठी हाय?"

"वयनी," तो म्हणाला, "ते दार पाहाले लोक तिकीट काढतात. इथी त्याच्याकडं कोण पाह्यते?"

मी पोत्याच्या खालच्या टोकाला दोन धोंडे बांधून दिले.

त्याच्या बांध्यांत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, मीच करायची, माझ्या झाल्या की. पडीक पाहवत नाही म्हणून. त्यातून जे धान यायचं त्यातलं बरंचसं पेटीच्या भात्यात आणि कंपनीच्या माणसांच्या पंगतीत जायचं. दिवाळीनंतर दोघं निघाले की पोरींसाठी अर्धं पोतं तांदूळ ठेवून जात आणि मध्येच एखाद्या दुपारी सगळी कंपनी घेऊन उगवत. तबलजी, पडदेवाला, सगळे. चूल पेटायची, हसणं-खिदळणं व्हायचं, पोरींच्या तांदळाचा भात व्हायचा आणि संध्याकाळी ट्रक निघून जायचा. पोरी खूश. दुसऱ्या दिवशी थोरली भांडं घेऊन माझ्या दारात.

पहिल्यांदा ती आली तेव्हा म्हणाली, "मोठमाय, तांदूळ सरले."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. घरात असं बोलत नाहीत. दिवा विझला म्हणत नाहीत, बांगडी फुटली म्हणत नाहीत, तसंच तांदूळ सरले म्हणत नाहीत. वाढले म्हणतात. माझ्या आईने मला शिकवलं, मी तिला शिकवलं. "सरले मनलं का घरात कधी पुरत नाई," मी सांगितलं. "वाढले मनाव."

पोरगी हुशार, तिने लगेच उचललं. पुढच्या खेपेला दीर घरी आला तेव्हा तिने सांगितलं, "बाबा, तांदूळ वाढले."

दीर पेटी पुसत होता. "वाढले ना? मंग कायले तोंड पाडून बसली? वाढले तं आनंदाची गोष्ट हाय!" आणि तो हसला, जाऊ हसली, धाकटीही हसली, तिला काही कळत नव्हतं तरी. थोरली हसली नाही. कुडाच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. त्याला अर्थ माहीत होता, त्याची आईही 'वाढले'च म्हणायची. त्याला विनोद सुचला आणि विनोद सुचला की त्याच्यासाठी काम झालं. त्यानंतर पोरगी कितीदा तरी 'वाढले' म्हणाली. दर वेळी हशा. मी देत राहिले, पण माझंही भांडं काही तलावाएवढं नव्हतं.

ते वर्ष नव्वदच्या पुढचं, थोरली चौथीत होती. आमच्याच गावची मंडई होती आणि आमच्याच गावात त्यांच्या कंपनीचं नाटक. मी दोघी पोरींना घेऊन बायकांच्या बाजूला पोतं टाकून बसले. आदल्या दिवसापासून त्यांच्या घरी चूल पेटली नव्हती. मंडईचे पाहुणे माझ्याकडेही आले होते, त्यांचं करता करता मी पोरींना जिलेबी घेऊन दिली होती, तेवढीच.

नाटक लांबत लांबत उजाडलं. ट्यूबलाइटी फिक्या दिसू लागल्या, तलावाकडून बगळे उडाले आणि माझी जाऊ स्टेजवर शेवटचं रडणं रडायला लागली. नाटकात ती गरीब विधवा. हंडीत हात घालून कडा पुसते, बोटं बघते आणि म्हणते, माझ्या लेकराच्या तोंडात काय घालू. मागे आमच्या घराचं सोनेरी दार. मंडईतल्या बाया हुंदके देत होत्या. गावच्या पाटलीणबाई, ज्या तिला विहिरीवर नावं ठेवायच्या, त्याही नाक पुसत होत्या.

माझ्या मांडीजवळून थोरली उठली. मला वाटलं बाहेर जाते. ती उभी राहिली आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "माय, घरी तांदूळ सरले! कालपासून सरले!"

सरले म्हणाली. उगवत्या दिवसाला, लोकांच्या तोंडावर. माझ्या बाजूची बाई "अगो माय!" म्हणत कानाला हात लावून बसली.

जावेने वर पाहिलं. पेटी थांबली. मला वाटलं, आता ही लाजेने मरेल, आता तरी. तिने एक श्वास घेतला, हंडी छातीशी धरली, स्टेजच्या कडेपर्यंत आली आणि पोरीकडे बघून म्हणाली, "सरले म्हणू नये गं पोरी, वाढले म्हणावं. गरिबाच्या घरी तेवढंच तर वाढतं!"

मांडव फुटला. शिट्ट्या, टाळ्या, माणसं उभी राहिली. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. माझी जाऊ घरी 'नाई' म्हणायची, 'सांगून राह्यली' म्हणायची. स्टेजवर तिची भाषा पुस्तकातली व्हायची. पोरीने तिला घरच्या भाषेत हाक मारली आणि तिने पुस्तकातल्या भाषेत उत्तर दिलं. तांदळाचं मात्र तिथेच राहिलं.

दुपारी कंपनीचा मालक आला. पोत्याच्या दाराकडे बघून कुठे बसावं ते त्याला कळेना, म्हणून माझ्या अंगणातल्या खाटेवर बसला. जाड, पान खाणारा, बोलायला गोड.

"मावशी, तुमची पोरगी म्हणजे हिरा हाय," तो मला म्हणाला. "हा सीन आता रोज ठेवतो. पोरगी रोज वेगळ्या गावात बायांमधी बसन, उठन, बोलन. कोणाले कळणार नाई."

"शाळा?" मी विचारलं.

"होळीपर्यंतचाच तं प्रश्न हाय. आणि पोरीचे तांदूळ कंपनी देईन. पोतंभर."

दीर म्हणाला, "आयकलं ना वयनी? तुमीच रोज मनता तांदूळ तांदूळ. आता तिच्याच तोंडानं तांदूळ आले."

मी पोरीकडे बघितलं. म्हटलं, ही नाही म्हणेल. तिचे डोळे चमकत होते. कुडाआड तिला ओढून विचारलं, "काऊन वं, जायचं हाय तुले?"

"हो."

"शाळेतून नाव कापतीन. माह्यावाणी चौथीत बसशीन."

ती पायाने माती उकरत म्हणाली, "मोठमाय, माय माह्याकडं पाह्यली ना. सगळ्यायच्या समोर पाह्यली."

माझं नाव चौथीतून बापाने कापलं होतं, गुरं राखायला. तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं आणि मी जन्मभर मासोळीच्या टोपलीखाली वाकले. या पोरीने तरी वाकू नये एवढंच मला हवं होतं. पण ती उड्या मारत जात होती. ट्रकच्या मागे सोनेरी दाराला टेकून बसली आणि हात हलवत गेली. धाकटी माझ्याजवळ राहिली.

कंपनीने तांदळाचं पोतं दिलं. दिराने ते येता येताच एका गावात कोणाला तरी पंगतीला देऊन टाकलं. लोकांनी त्याचा सत्कार केला म्हणे.

संक्रांतीच्या सुमारास ट्रक गावावरून जाताना पोरीला माझ्याकडे टाकून गेला. आवाज बसला होता, अंग तापलं होतं. एका दिवसासाठी, दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होते. मी पेज केली. ती वाटीकडे बघत बसली आणि मग मलाच विचारलं, "खाऊ का?"

"मंग कोणाले इचारतेस?"

"सीनच्या आधी नाई खाव, माय मनते. पोट भरलं का आवाज खरा निघत नाई."

मी पुन्हा विचारलं, मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, अगदी साधेपणाने. दुपारनंतर तिला जेवायला देत नाहीत. नाटक सुरू झालं की तबलजी, पडदेवाला सगळे जेवून घेतात, तिला सीन झाल्यावर, दिवस उगवल्यावर. एकदा तिने पडद्यामागे कोणाचा तरी वडा खाल्ला तर सीन पडला, टाळ्या कमी आल्या. माय रागावली नाही. फक्त त्या दिवशी स्टेजवरून तिच्याकडे बघितलं नाही.

"तवापासून मी खात नाई," पोरगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. मी म्हटलं पोरगी तापाने फणफणली आहे, नेऊ नका. दीर म्हणाला, तापात आवाज आणखीन चांगला निघतो. जाऊ ट्रकमधून उतरली, पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "चाल माही राणी." बस. पोरगी पेजेची वाटी ठेवून गेली. ओढून ठेवता आलं असतं. पण दाव्याने बांधलेली पोरगी दावं सुटलं की पळते. तिला स्वतःहून यायला पाहिजे होतं.

पुढची मंडई नदीपलीकडच्या गावात होती, माझी बहीण तिथेच दिली आहे. मी धाकटीला काखोटीला मारलं, तलावातून मिळालेल्या मरळ मासोळीचा रस्सा केला, डब्यात गच्च भात भरला आणि गडचिरोलीची एस.टी. धरली. बहिणीच्या घरी कोणाला काही सांगितलं नाही. मांडवात पुढे जाऊन बायकांमध्ये बसले, डबा पदराखाली. नाटक काय चाललं मला आठवत नाही. आमचं दार तेवढं ओळखलं.

उजाडलं. जावेने हंडीत हात घातला. बाया रडू लागल्या. मागच्या रांगेतून माझी पोरगी उठली. डोळे खोल गेलेले, मान बारीक. बसलेल्या आवाजात ती म्हणाली, "माय, घरी तांदूळ सरले."

जाऊ स्टेजच्या कडेला यायला निघाली. तिने तोंड उघडायच्या आत मी उभी राहिले.

"सरले तं सरले!" मी म्हटलं. माझा आवाज बाजारात मासोळ्या विकून विकून पत्र्यासारखा झाला आहे, माइक लागत नाही. "तिच्या घरी सरले. माह्या घरी हायेत. ये इकडं, बस, खा."

आणि डबा उघडला. मरळीच्या रश्श्याचा वास अख्ख्या बायकांच्या बाजूला गेला.

पोरगी जागेवर खिळली. तिने स्टेजकडे बघितलं. माय तिच्याकडे बघत होती, खरंच बघत होती, हंडी तशीच छातीशी. पडद्याच्या बाजूने कोणीतरी पुढचं वाक्य हळू आवाजात सांगत होतं, मला ऐकू येत होतं, "सरले म्हणू नये गं पोरी, सरले म्हणू नये." जाऊ बोलली नाही. दिराने पेटीवर काहीतरी सूर धरला, तोही चुकला. पोरगी बायांच्या मांड्यांवर पाय देत देत माझ्याकडे आली, खाली बसली आणि हात न धुता डब्यात हात घातला. एक घास, दुसरा घास. काटे थुंकायलाही थांबत नव्हती. मी तिच्या पाठीवर थाप मारत होते, "हळू वं, काटा अडकन."

सगळा मांडव बघत होता. मग मागून एक बाप्या उभा राहून ओरडला, "वा रे बाई! एक नंबर! कोणत्या कंपनीची होय?" आणि टाळ्या सुरू झाल्या. आमच्या गावात वाजल्या होत्या त्याच्या दुप्पट. पोरगी टाळ्यांमध्ये जेवत राहिली. तिने मान वर केली नाही.

"मी कोणत्या कंपनीची नाई," मी ओरडले, "मी तिची मोठमाय होय!" त्यालाही टाळ्या. लोकांना एकदा नाटक वाटलं की काहीही सांगा.

डबा संपल्यावर मी मांडवामागे गेले. जाऊ तोंडाचा रंग न पुसता खुर्चीवर बसली होती. दिवसाउजेडी तो रंग फार वाईट दिसतो, चुना फासल्यासारखा.

"बाई, तुमी माहा सीन मोडला," ती म्हणाली.

"मोडला."

"तुमाले नाटकातलं काई समजत नाई."

"समजते. मनूनच आली. पोटात अन्न नसलं का आवाज खरा निघते, हे तुले समजलं ना, ते मलेही समजलं."

दीर बोलला, तो नेहमीच बोलतो. "वयनी, कला मनजे काय ते तुमाले..."

"बाबू, तू गप. तुले मी लहानपणी शेंबडा पाह्यला हाय. कला करायची तं स्वतःच्या पोटावर कर. पोट्टीच्या पोटावर नाई."

मालक मधे पडला. पान चघळत हसत म्हणाला, "मावशी, रागावू नका. सीन लय भारी झाला. तुमीच रोज येता का? डब्यासकट?"

"येतो ना," मी म्हटलं. "रोज तो डबा तुह्या टाळक्यात हाणीन. चालन का सीनमधी?"

त्याने पान थुंकलं आणि ट्रककडे गेला.

पोरीला मी एस.टी.त खिडकीजवळ बसवलं. धाकटी मांडीवर. जाताना थोरली एकदाही मागे वळून बघणार नाही असं मला वाटलं होतं. पण ती बघत राहिली, नदीचा पूल येईपर्यंत. मी तिला बघू दिलं.

कंपनीने सीन सोडला नाही. दुसऱ्या गावची कोणाची तरी पोरगी बसवली. लोक म्हणतात ती तेवढी चांगली नव्हती. भरल्या पोटाची असेल, बरं झालं. आमच्या पोरीचं नाव मास्तरांनी कापलं नव्हतं. मला म्हणाले, परीक्षेला बसवा, बाकी मी बघतो. तेही शेवटी माणूसच, त्यांनी नाटक पाहिलं होतं.

होळी झाली, कंपन्या घरी आल्या. जाऊ माझ्या अंगणात उभी राहिली, केस मोकळे, हातात पोरीसाठी आणलेला आरसा. पोरगी माझ्या उंबऱ्यावर बसून पाढे लिहीत होती.

"चाल वं घरी," जाऊ म्हणाली.

पोरीने आरसा घेतला, बघितला, बाजूला ठेवला. "माय, घरी तांदूळ हायेत का?"

जाऊ हसली. तिला वाटलं, पोरगी सीन करते आहे. हंडी धरल्यासारखे हात केले आणि म्हणाली, "वाढले!"

"वाढले नाई मनायचं," पोरगी म्हणाली. "सरले मन."

जाऊ माझ्याकडे वळली. मी सूप पाखडत होते, पाखडत राहिले. कुडाच्या पलीकडे दिराची पेटी थांबली. जावेच्या तोंडातून तो शब्द निघायला फार वेळ लागला. किती भाषणं म्हणाली होती ती, एवढा वेळ कधी घेतला नसेल.

"सरले," ती म्हणाली. घरच्या आवाजात, हळूच.

"मंग मी इथीच जेवतो," पोरगी म्हणाली आणि पुढचा पाढा लिहायला लागली.

तेव्हापासून दोघी माझ्याकडे. जाऊ त्यांच्याकडे येत राहिली, गाणी शिकवत राहिली, मी अडवलं नाही. गाणं कोणाचं पोट मारत नाही. दिराने दार परत आणलं, सोनेरी रंगासकट लावलं. अजून आहे, खालून वाळवीने खाल्लेलं. दोघांना आता जागोजागी बोलावतात, नारळ आणि शाल देतात. एका ठिकाणी मलाही माइक दिला होता, कलावंतांच्या घरातली माणसं म्हणून दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हटलं, पेटी छान वाजवतो, नटी म्हणून तिच्यासारखी दुसरी नाही आणि पोरी मी वाढवल्या. माइक घाईने काढून घेतला.

थोरली आता एस.टी.त कंडक्टर आहे, गडचिरोलीच्या गाडीवर. आवाज आईचा, शेवटच्या बाकापर्यंत जातो. परवा सावलीला मी तिच्याच गाडीत बसले होते, टोपली पायाशी. गाडी खच्चून भरली होती आणि दारात अजून माणसं लोंबकळत होती. तिने घंटीची दोरी ओढली आणि ओरडली, "जागा सरली! मागच्या गाडीनं या!"

माझ्या शेजारची म्हातारी दचकली. "अशी काऊन बोलतेस वं पोरी? वाढली मनाव."

"जागा कशी वाढन, आजी?" ती तिकीट फाडत म्हणाली. "सरली तं सरली. पुढं चला, पुढं चला."